वाचकासाठी थांबणारे संगीत

जपानमध्ये १९८० आणि १९९०च्या दशकांत घडलेल्या व्हिज्युअल नॉव्हेल या खेळप्रकारात पडद्यावर फारसे काही हलत नाही. मागे वर्गाचे, रेल्वे स्थानकाचे किंवा बर्फाने भरलेल्या रस्त्याचे चित्र असते, त्यापुढे एखादे पात्र उभे असते आणि खालच्या चौकटीत मजकूर उमटतो. खेळणारा बटण दाबतो, पुढचे वाक्य येते. मधूनच दोन-तीन पर्याय समोर येतात आणि कथा कोणत्या वाटेने जाणार हे त्यांवर ठरते. प्रेमकथा हा या प्रकाराचा सर्वांत आवडता विषय. नायिका लाजते तेव्हा प्रत्यक्षात एक चित्र जाऊन त्याजागी दुसरे आलेले असते, एवढेच. या साऱ्यात काळाबरोबर सलग पुढे सरकणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पार्श्वसंगीत. चित्रपटात नट, कॅमेरा आणि संकलन मिळून जे काम करतात, त्यातला मोठा वाटा इथे संगीताला एकट्याने उचलावा लागतो. असले खेळ खेळताना माणूस तासन्‌तास का गुंगतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी तिथेच सापडते.

या प्रकाराचे पूर्वज मात्र जवळजवळ मुके होते. युजी होरी यांचा 'पोर्तोपिया रेनझोकु सात्सुजिन जिकेन' हा खुनाच्या तपासाचा खेळ १९८३ साली एनिक्सने घरगुती संगणकांसाठी काढला. १९८५ मध्ये तो निन्तेन्दोच्या फॅमिकॉम यंत्रावर आला, पण तेव्हाही त्यात पार्श्वसंगीत नव्हते. तपासाच्या कथेचे त्यावाचून फार अडले नाही. कोडे सोडवणाऱ्याचे लक्ष कोड्यात असते; संशयिताच्या मनात काय दाटून आले आहे यापेक्षा तो खोटे बोलतो आहे का, हे शोधणे त्याला महत्त्वाचे वाटते. प्रेमकथेचे तसे नाही. दोघांच्या बोलण्यात जे राहून जाते त्यावर ती उभी असते, आणि त्या काळच्या पडद्यावरच्या जाड ठिपक्यांच्या चित्रात ते दाखवायला जागा नव्हती.

ती जागा यामाहाच्या ध्वनिचिपने मिळवून दिली. १९८५च्या आरंभी एनईसी कंपनीने बाजारात आणलेल्या पीसी-८८०१ मार्क टू एसआर या संगणकात वायएम२२०३ ही चिप बसवलेली होती. एफएम पद्धतीने घडवलेले तीन आवाज आणि साध्या चौकोनी लहरींचे तीन आवाज ती एकाच वेळी वाजवू शके. एफएम म्हणजे एका लहरीची कंपनसंख्या दुसऱ्या लहरीने सतत बदलत ठेवून नवा नाद निर्माण करणे. तिच्यातून घंटेचा, विद्युत पियानोचा, तारवाद्याचा भास होईल असे आवाज निघत. खरे वाद्य वाटावे इतके ते हुबेहूब नसत, पण त्यांना स्वतःचा एक काचेसारखा, थोडा दूरचा गोडवा होता. पीसी-९८०१ मालिकेच्या सुरुवातीच्या संगणकांत नुसता 'बीप' निघे आणि ध्वनिफलक वेगळा विकत घ्यावा लागे. त्यामुळे खेळ संगीतासह आणि संगीताविना असा दोन्ही प्रकारे चालेल, याची काळजी घ्यावी लागे. पुढे वायएम२६०८ या चिपमुळे एफएमचे आवाज सहा झाले आणि डावे-उजवे वेगळे ऐकू येऊ लागले.

संगीतकार या यंत्रांसाठी धून लिहीत ती एमएमएल नावाच्या लिपीत. स्वरांची अक्षरे, त्यांच्या लांबीचे आकडे आणि आवाज चढवण्या-उतरवण्याच्या सूचना हे सारे कळफलकावर टंकायचे. कोणत्या लहरीने कोणत्या लहरीला किती बदलायचे याचे आकडेही बहुतेकदा त्यालाच ठरवावे लागत. म्हणजे आधी वाद्य घडवायचे आणि मग ते वाजवायचे. या कलेत र्यू उमेमोतो (१९७४–२०११) यांचे नाव आदराने घेतले जाते. एल्फ कंपनीच्या १९९६ सालच्या 'यु-नो' या समांतर विश्वांच्या खेळातले बरेचसे संगीत त्यांचे आहे. सहा एफएम आवाजांत एक आवाज जरासा मागे ठेवून प्रतिध्वनीचा भास निर्माण करणे आणि सुरांच्या मधल्या पोकळीत खोली आणणे यासाठी एफएमचे रचनाकार जे कौशल्य वापरत, ते त्यांच्या कामात पूर्णत्वाला गेलेले दिसते. त्या काळच्या मर्यादांकडे नुसते गरिबीचे लक्षण म्हणून पाहणे चूक आहे. मोजकेच आवाज असल्यामुळे चाल स्पष्ट ठेवावी लागे, आणि स्पष्ट चाल लक्षात राहते. पुढे प्रेमकथांच्या खेळांना नेमकी हीच गोष्ट उपयोगी पडली.

दुसरी अडचण चिपची नव्हती, वाचनाची होती. चित्रपटाच्या संगीतकाराला प्रसंग किती सेकंदांचा आहे हे ठाऊक असते. इथे एकच प्रसंग कोणी तीन मिनिटांत वाचतो, कोणी दहा, आणि कोणी मध्येच उठून चहा घेऊन येतो. संगीताने त्या प्रत्येकासाठी थांबले पाहिजे. म्हणून या खेळांतल्या धुना बहुधा दीड-तीन मिनिटांच्या असतात आणि संपल्या की पुन्हा सुरू होतात. हे करायला सोपे वाटते, पण नीट जमणे अवघड आहे. तालाचे आवर्तन समेवर येते तेव्हा श्रोता मान डोलावतो. इथे संगीतकाराला आपली सम लपवायची असते. शेवट ठळक झाला की वाचणाऱ्याला कळते की तुकडा संपला, आता पुन्हा पहिल्यापासून. आणि ते कळले की तो कथेतून बाहेर येऊन खोलीत परततो. म्हणून कुशल रचनाकार शेवटचा स्वरसमूह अर्धवट ठेवतो, जेणेकरून त्याचे उत्तर पहिल्याच ओळीत मिळावे. कधी सुरुवातीची काही मात्रांची प्रस्तावना एकदाच वाजते आणि पुढची फेरी तिच्यानंतरच्या जागेपासून सुरू होते.

चिपवर असे जोड बेमालूम करता येत. सीडी आल्यावर उलटे झाले. सीडीवर खरा पियानो, खरी गिटार, खरा गळा ध्वनिमुद्रित करता आला, पण गाणे संपल्यावर वाचकशीर्षाला पुन्हा आरंभी जावे लागे आणि मध्ये शांततेची फट पडे. शिवाय यंत्र सीडीवरून चित्र वाचत असताना त्याच वेळी तिच्यावरचे गाणे वाजवू शकत नसे. आवाज सुधारला, पण सलगपणा तुटला. नव्या शतकाच्या सुरुवातीला ऑग व्हॉर्बिससारख्या पद्धतींनी दाबलेल्या ध्वनिफायली संगणकाच्या डिस्कवर ठेवणे परवडू लागले आणि मगच दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या.

संगीत आणि ध्वनी यांना कथाकथनाच्या केंद्रस्थानी आणण्याचे काम भयकथेने केले. चुनसॉफ्ट या कंपनीने १९९२ मध्ये सुपर फॅमिकॉमवर 'ओतोगिरिसो' काढला. त्यात पात्रांची चित्रेच नव्हती. संपूर्ण पडदाभर मजकूर, मागे जुन्या वाड्याची दृश्ये, आणि दारांची करकर, पावले, पाऊस, वारा. कंपनीने या प्रकाराला 'साऊंड नॉव्हेल' म्हटले, ते अगदी योग्यच होते. १९९४चा 'कामाइताची नो योरु' त्याच वाटेने गेला. त्यात माणसे निळसर सावल्यांसारखी दिसत. चेहरा दिसत नसतानाही माणूस घाबरू शकतो आणि ते काम कानातून होते, हे या दोन खेळांनी सिद्ध केले. मग चेहरा दिसत असताना पण हलत नसताना माणूस प्रेमातही पडू शकेल, इथपर्यंत पोहोचायला एकच पाऊल उरले होते.

प्रेमाचे खेळ त्याच सुमारास वेगळ्या वाटेने वाढत होते. एल्फच्या 'दोक्युसेइ' (१९९२) मध्ये नायक शाळेच्या शेवटच्या उन्हाळी सुटीत गावभर भटकतो आणि मुलींना भेटतो. हा प्रौढांसाठीचा खेळ होता, पण लोकांच्या लक्षात राहिले ते गाव आणि ती माणसे. कोनामीच्या 'तोकिमेकी मेमोरियल' (१९९४) मध्ये तर शाळेची तीन वर्षे नियोजनात जातात आणि शाळा संपण्याच्या दिवशी एका दंतकथेतल्या झाडाखाली प्रेमाची कबुली मिळते. तो पीसी इंजिनच्या सीडीवर निघाल्यामुळे आवाज आणि गाणी यांना भरपूर जागा होती. त्याच वर्षी कोएइ कंपनीच्या रुबी पार्टी या स्त्रियांच्या गटाने 'अँजेलिक' काढून मुलींसाठीच्या प्रेमखेळांची सुरुवात केली. या खेळांत संगीत अजून ठिकाणांशी जोडलेले होते: शाळेची धून, घराची धून, फिरायला गेल्यावरची धून. आकडे वाढवायचे, दिवस ठरवायचे, कोणाला कधी फोन करायचा ते पाहायचे, या धावपळीत ते वातावरण सांभाळी. मनाच्या आत शिरण्याचे काम त्याच्याकडे अजून आलेले नव्हते.

ते काम लीफ या छोट्या कंपनीने दिले. चुनसॉफ्टच्या साऊंड नॉव्हेलवरून प्रेरणा घेऊन लेखक तात्सुया ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'शिझुकु' आणि 'किझुआतो', आणि १९९७ मध्ये 'टू हार्ट' काढला. 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव याच मालिकेचे. पहिले दोन अंधारलेले होते. 'टू हार्ट' उजेडातला: शाळकरी मुले, घरी परतण्याचा रस्ता, किरकोळ बोलणी. त्यात जवळजवळ काहीच घडत नाही, आणि म्हणून त्याच्या संगीताचे महत्त्व अधिक. नाओया शिमोकावा, शिन्या इशिकावा आणि काझुए नाकागामी या लीफच्या रचनाकारांनी ज्याला जपानी खेळकार रोजच्या दिवसाचे संगीत म्हणतात ते इथे पक्के केले. हलकी, मध्यम लयीची, फारसे काही न सांगणारी धून. ती ऐकणाऱ्याला काही वाटायला लावत नाही; सवय लावते. पुढे एखाद्या संध्याकाळी ती वाजली नाही, तर काहीतरी बिघडले आहे हे मजकूर सांगण्याआधीच कळते. दुःखाच्या चाली रचणारे पुष्कळ असतात. दुःख जिच्यामुळे ओळखू येईल अशी साधी चाल रचणे फार कमी जणांना जमले.

रोजच्या दिवसातून शोकाकडे जाण्याची ही रीत पुढे परिपूर्ण केली ती ओसाकातल्या की या गटाने. टॅक्टिक्स या नावाखाली 'वन' (१९९८) केलेले काही जण तिथून बाहेर पडले आणि व्हिज्युअल आर्ट्स कंपनीच्या छत्राखाली त्यांनी 'कानॉन' (१९९९), 'एअर' (२०००) आणि 'क्लानाड' (२००४) हे खेळ केले. जुन माएदा, शिंजी ओरितो आणि मागोमे तोगोशी हे त्यांचे संगीतकार. माएदा कथाही लिहीत आणि चालीही रचत, ही गोष्ट निर्णायक ठरली. कुठल्या ओळीनंतर धून सुरू व्हावी, कुठे ती तोडावी, कुठे एखादी ओळ पूर्ण शांततेत वाचायला लावावी, हे ज्याच्या हातात कथा आहे त्याच्याच हातात आले. 'कानॉन'मध्ये बर्फाळ गावातला पहिला निम्मा भाग विनोदात, खाण्यापिण्यात, उशिरा उठण्यात जातो. त्या धुना इतक्या वेळा कानावर पडतात की गाव ओळखीचे होते. मग तोच पियानो कमी स्वरांत, संथपणे परततो. वाचणाऱ्याला रडू येते ते नव्या दुःखी चालीमुळे नव्हे, हरवत चाललेल्या जुन्या चालीमुळे.

या परिणामामागचे काही कार्यकारण मानसशास्त्राला माहीत आहे. वारंवार समोर आलेली गोष्ट केवळ परिचयामुळे आवडू लागते, असे रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ मध्ये दाखवले. एका व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये साधारण वीस ते पन्नास धुना असतात आणि मोठा खेळ वाचून संपायला कित्येक दिवस लागतात; म्हणजे प्रत्येक धून वाचणाऱ्याच्या कानांवरून असंख्य वेळा जाते. चित्रपटाला इतका परिचय करून द्यायला वेळच नसतो. खेळातल्या तल्लीनतेचा अभ्यास करणाऱ्या एमिली ब्राउन आणि पॉल केर्न्स यांनी २००४ मध्ये तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या आणि शेवटच्या, संपूर्ण गुंगून जाण्याच्या पायरीसाठी दोन गोष्टी आवश्यक मानल्या: पात्राबद्दलची सहवेदना आणि वातावरण. हलणारे चित्र नसलेल्या खेळात या दोन्हींचा रस्ता संगीतावरून जातो. पात्राला स्वतःची धून मिळाली की ते पडद्यावर नसतानाही उपस्थित असते. दुसऱ्याच कोणाच्या बोलण्याखाली तिचे चार स्वर वाजले तरी मनात कोण आहे ते कळते.

शब्द असलेल्या गाण्याला मात्र मजकुराबरोबर चालता येत नाही. पियर सालामे आणि अ‍ॅलन बॅडली यांच्या १९८९च्या प्रयोगांत गायलेले संगीत अल्पकालीन शाब्दिक स्मृतीला नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त अडथळा करते असे आढळले. मनात वाचणारा आवाज आणि कानातला गळा एकाच जागेसाठी भांडतात. खेळ करणाऱ्यांना हे अनुभवाने आधीच उमगलेले होते. म्हणून गाणी तीन ठिकाणी आली: सुरुवातीच्या चित्रफितीत, शेवटच्या श्रेयनामावलीत, आणि क्वचित, अगदी जपून, कथेच्या शिखरावर. 'एअर'चे आरंभगीत 'तोरी नो उता' ओरितो यांनी स्वरबद्ध केले, माएदा यांनी लिहिले, सप्पोरोच्या काझुया ताकासे यांनी त्याचे संयोजन केले आणि लिया यांनी ते गायले. त्याच खेळाच्या शेवटाकडे 'आओझोरा' हे गाणे येते तेव्हा मजकूर जवळजवळ थांबतो. शब्द वाचायचे नाहीत, ऐकायचे, अशी परवानगी तिथे प्रथमच मिळते, आणि इतक्या तासांच्या वाचनानंतर ती फार मोठी वाटते.

ताकासे यांचा 'आइव्ह' हा चमू टोकियोपासून दूर होक्काइदोत बसून अशा खेळांची आरंभगीते आणि शेवटची गाणी करत राहिला. कोतोको, एइको शिमामिया, मेल यांसारख्या गायिका त्यातून पुढे आल्या आणि ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांचा कार्यक्रम टोकियोच्या निप्पॉन बुदोकानमध्ये झाला. कीनेही २००१ पासून की साऊंड्स लेबल या नावाने आपले संगीत स्वतंत्रपणे विकायला सुरुवात केली. 'एअर'मध्ये नुसत्या वाद्यांवर वाजणारी 'नात्सुकागे' ही धून त्याच वर्षी लियांच्या आवाजात गाणे म्हणून आली. खेळ वाचून झाल्यावर ती ऐकणाऱ्यांना शब्द नवे होते, चाल मात्र अंगवळणी पडलेली. अनेक खेळांत शेवटी 'संगीत कक्ष' उघडतो आणि ऐकलेल्या धुना तिथे सुट्या वाजवता येतात. मजकुरावाचून त्या ऐकताना कथा आपोआप आठवते, आणि या संगीताच्या चकत्या खपण्यामागचे कारणही तेच असावे.

पात्रांना आवाज मिळाल्यावर संगीताला थोडे मागे सरावे लागले. 'टू हार्ट'ची १९९९ची प्लेस्टेशन आवृत्ती संवादांसह आली आणि नंतर संपूर्ण ध्वनिमुद्रित संवाद हा रिवाज झाला. मानवी गळ्याच्या पट्टीत फार वाद्ये भरली की शब्द गढूळ होतात, म्हणून मधली पट्टी मोकळी ठेवण्याकडे कल वाढला. संगीत, ध्वनिपरिणाम आणि संवाद यांचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करण्याची सोय आली. कबुलीच्या क्षणी संगीत काढून टाकून नुसती रातकिड्यांची किरकिर किंवा आगगाडीची घरघर ठेवण्याची पद्धत आवाजांमुळे अधिक परिणामकारक झाली, कारण आता त्या शांततेत श्वासही ऐकू येऊ लागला.

संगीत ही पार्श्वभूमी न राहता कथेचाच विषय बनले की या प्रकाराची ताकद सर्वांत स्पष्ट दिसते. कोएइच्या 'किनइरो नो कोर्दा' (२००३) मध्ये एका साध्या विद्यार्थिनीला जादूचे व्हायोलिन मिळते आणि ती शाळेच्या संगीत स्पर्धेत उतरते. तिथे अभिजात पाश्चात्त्य रचना वाजवणे हाच जवळीक वाढवण्याचा मार्ग असतो. पण याबाबतीत सर्वांत खोलवर गेला तो लीफचा 'व्हाइट अल्बम २'. १९९८च्या पहिल्या 'व्हाइट अल्बम'मध्ये नायकाची प्रेयसी युकी आणि तिची ज्येष्ठ सहकारी रिना या गायिका होत्या आणि 'व्हाइट अल्बम' व 'साऊंड ऑफ डेस्टिनी' ही त्यांची गाणी. फुमिआकी मारुतो यांनी लिहिलेल्या दुसऱ्या खेळाचा प्रास्ताविक भाग २०१० मध्ये आणि अंतिम भाग २०११ मध्ये आला. शाळेच्या महोत्सवाआधी वाद्यवृंद मोडलेला, नायक हारुकी एकटाच संगीताच्या खोलीत गिटारवर तेच जुने 'व्हाइट अल्बम' घोळवत असतो. शेजारच्या खोलीतून कोणाचा तरी पियानो त्याला साथ देऊ लागतो. मग गच्चीवरून एक गळा त्यात मिसळतो. त्या वेळी तिघांना एकमेकांचे चेहरेही दिसत नाहीत, पण गाणे पूर्ण झालेले असते. पियानो काझुसाचा, गळा सेत्सुनाचा. पुढचा सारा त्रिकोण त्या क्षणी जुळलेला आहे आणि पडद्यावर अजून कोणीही काही बोललेले नाही. पहिला खेळ वाचलेल्याला तर ते गाणे बारा वर्षांपासून ओळखीचे असते. पुढे हारुकी शब्द लिहितो, काझुसा चाल देते आणि सेत्सुना गाते ते गाणे न पोहोचणाऱ्या प्रेमाचे आहे. कोणाचे प्रेम कोणापर्यंत पोहोचत नाही हे गाणाऱ्या मुलीला कधी कळते, यावर सगळी कथा तोलून धरलेली आहे. तेच गाणे पार्श्वभूमीला वाजते तेव्हा ते सजावट राहत नाही, पुरावा होते.

जपानबाहेर ही परंपरा मुख्यतः चाहत्यांनी नेली. २००४ मध्ये टॉम रोथॅमेल यांनी 'रेनपाय' हे मोफत साधन आणले. त्यात संगीत सुरू करणे, ते हळूहळू चढवणे, विरवणे आणि सलग फिरवत ठेवणे यांसाठी एकेका ओळीची आज्ञा पुरते; कोणे काळी चिपशी झगडून मिळवलेला बेमालूम जोड आता नवशिक्यालाही हाताशी आला. याच साधनावर जगभरातल्या हौशी मंडळींनी 'कातावा शोजो' बनवून जानेवारी २०१२ मध्ये मोफत दिला. २०१७ मध्ये अमेरिकेतील डॅन साल्व्हातो यांच्या गटाने 'डोकी डोकी लिटरेचर क्लब!' काढला आणि वाचकाच्या या कमावलेल्या सवयीलाच हात घातला. कवितावाचनाची एकच धून प्रत्येक मुलीसाठी वेगळ्या वाद्यावर येते: सायोरीसाठी युकुलेले, मोनिकासाठी पियानो. दोन तास ती गोड, निरुपद्रवी, नेहमीची वाटते. मग तीच धून अडखळू लागते, सूर घसरतात, पट्टी बिघडते. मुलींची चित्रे तोवर हसतच असतात. वाचणाऱ्याचा विश्वास आधी कानातून जातो. खेळाच्या शेवटी मोनिका स्वतः पियानो वाजवत गाते, आणि तिच्या गाण्यासोबत श्रेयनामावली सरकते.